शेवटच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश: घरच्या घरी त्रास कमी कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई 82 वर्षांच्या, नऊ वर्षं अल्झायमर. आठ महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेल्या. दिवसभरात एखाददुसरा शब्द निघतो. अंग पुसताना आणि कूस बदलताना ओरडतात, हात झटकतात. दोन महिन्यांत न्युमोनियासाठी दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. जेवण चार-सहा चमच्यांवर आलंय. दवाखान्यातून नाकात नळी घालून घ्या असं सुचवलंय, आणि घरचे म्हणतात निदान सलाईन तरी लावा. त्यांना घरीच ठेवून त्रास न होऊ देता सांभाळता येईल का?

ताई, येईल. त्यासाठी ‘आता करण्यासारखं काही उरलं नाही’ हे वाक्य आधी घरातून बाहेर काढा. आजार बरा करण्यासारखं उरलेलं नाही, हे खरं. आराम देण्याचं काम मात्र भरपूर आहे, आणि ते नेमकेपणानं करावं लागतं.

आधी आजार कुठवर आलाय ते समजून घ्या. अल्झायमरमध्ये बोलणं पाच-सहा शब्दांवर येतं, मग एका शब्दावर. त्यानंतर चालणं जातं, मग आधाराशिवाय बसणं, मग हसू, आणि शेवटी मान सावरणं. तुमचं वर्णन या उतरणीच्या शेवटाकडचं आहे. बॉस्टन परिसरातल्या वृद्धाश्रमांमधल्या अशाच 323 रुग्णांवर 18 महिने लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून जास्त, साधारण 55 टक्के लोक गेले. 86 टक्क्यांना खाण्या-गिळण्याची अडचण आली आणि 41 टक्क्यांना न्युमोनिया झाला. न्युमोनिया झालेल्यांपैकी जवळपास निम्मे पुढच्या सहा महिन्यांत गेले. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. खाणं कमी होणं, ठसका लागणं, वारंवार ताप येणं हा आजाराचाच भाग आहे. तुमच्या हातून काही कमी पडलं म्हणून हे होत नाहीये. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आजार कुठवर आलाय हे ज्या घरच्यांना नीट कळलं होतं, त्यांच्या माणसाला शेवटच्या तीन महिन्यांत नळ्या, भरती, सुया यांचा जाच कमी झाला.

आता ओरडण्याबद्दल. ‘डोक्यातला आजार आहे, ओरडणारच’ असं समजून झोपेची गोळी दिली जाते, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, तो ओरडतो, हात मारतो, तोंड घट्ट मिटतो, नाहीतर एकदम गप्प होतो. म्हणून दुखतंय का हे शरीराकडे बघून ठरवायचं. त्यासाठी ‘पेनॅड’ नावाची सोपी मोजणी आहे. पाच गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे.

श्वास: शांत असेल तर 0, मधूनच धाप किंवा उसासा असेल तर 1, सतत घशातून आवाज करत जोरात चालला असेल तर 2. आवाज: काही नाही, अधूनमधून कण्हणं, वारंवार ओरडणं किंवा रडणं. चेहरा: निवांत, उतरलेला किंवा घाबरलेला, कपाळाला आठ्या पडून आक्रसलेला. अंग: सैल, ताठरलेलं किंवा चाळवाचाळव, मुठी आवळून गुडघे पोटाशी आणि हात झटकणं. समजूत: गरजच नाही, बोलून-कुरवाळून शांत होतात, कशानंच शांत होत नाहीत. एकूण दहापैकी गुण होतात. दिवसातून दोनदा मोजा: एकदा पाच मिनिटं नुसतं पडून असताना आणि एकदा अंग पुसताना. दुसरी मोजणी जास्त महत्त्वाची, कारण निवांत पडलेलं माणूस 0 दाखवतं आणि कूस बदलताना 7 वर जातं. आकडे कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘खूप ओरडतात’ हे सांगून जेवढं कळणार नाही, तेवढं ‘पुसताना 7, औषधानंतर 3’ या एका ओळीतून कळेल.

गुण 3-4 च्या वर राहत असतील तर दुखण्याचं औषध सुरू करायचं, आणि पहिलं औषध साधं पॅरासिटामॉल. फक्त ते ‘लागेल तेव्हा’ द्यायचं नाही, घड्याळ लावून द्यायचं, कारण लागलं की सांगणार कोण? 500 मिलिग्रॅम दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला 2 ग्रॅम. वजन 50 किलोच्या आत असेल, आणि या टप्प्यावर बहुतेकांचं असतंच, तर त्यापुढे जाऊ नका. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पातळ औषध वापरणार असाल तर बाटलीवरचा आकडा वाचा. 5 मिलिलीटरमध्ये 125 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात. 250 वाल्यातून 500 मिलिग्रॅमसाठी 10 मिलिलीटर लागतात. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की डोस अर्धा किंवा दुप्पट होतो, आणि हे घरोघरी होतं. सकाळचा डोस अंग पुसण्याआधी पाऊण ते एक तास द्या. नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या, चिडचिड करणाऱ्या 352 रुग्णांवर 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास झाला. त्यात अशी पायरी-पायरीनं दुखण्याची औषधं दिल्यावर आठ आठवड्यांत चिडचिड 17 टक्क्यांनी कमी झाली. बहुतेकांना पहिल्या पायरीचं पॅरासिटामॉलच दिलं होतं.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला आणि जठराला त्या महागात पडतात. ट्रॅमाडॉलनं गोंधळ वाढतो, काहींना झटकेही येतात. पॅरासिटामॉल पुरलं नाही तर खरं औषध मॉर्फिन आहे. इतक्या नाजूक माणसाला ते तोंडावाटे 2.5 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, म्हणजे 10 च्या साध्या गोळीचा पाव भाग, दर चार ते सहा तासांनी. दीर्घकाळ काम करणारी मॉर्फिनची गोळी तोडायची किंवा कुटायची नाही, नाहीतर बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो. मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं, कारण मॉर्फिननं मलावरोध होतो. मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस संपवला, ही भीती आपल्याकडे फार खोल आहे. योग्य मापात दिलेल्या मॉर्फिननं माणूस लवकर जात नाही, तो वेदनेशिवाय जगतो. 2014 मध्ये कायद्यात बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं बरंच सोपं झालंय. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या कर्करोग रुग्णालयात ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा विभाग कुठे आहे ते विचारा. आजार कर्करोग नसला तरी विचारा. फेंटॅनिलचा पॅच मात्र पहिलं औषध म्हणून कोणी लावत असेल तर थांबवा. आधी मॉर्फिनची सवय नसलेल्या, तापातल्या, हाडकुळ्या माणसाला तो घातक ठरू शकतो.

औषधाइतकाच फरक हात कसा लागतो यानं पडतो. काखेत हात घालून वर ओढू नका, त्यानं खांदा निखळतो. जुनी सुती साडी चार पदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला. दोघांनी दोन बाजूंनी ती गुंडाळून धरायची, ‘आई, आता वर सरकवतोय’ असं म्हणायचं, आणि मग उचलून सरकवायचं. कळत नसलं तरी आवाज आधी गेला तर अंग दचकत नाही. अंग पुसताना जेवढं पुसतोय तेवढंच उघडं ठेवा, बाकी अंगावर चादर. आणि मिटलेली मूठ: बोटं धरून उघडायला गेलात तर ती आणखी आवळली जाते आणि दुखते. त्याऐवजी त्यांचं मनगट हलकेच तळहाताच्या बाजूला खाली वाकवा. बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठ्याच्या बाजूनं तळवा पुसा, कोरडा करा, नखं कापा आणि सुती रुमालाची गुंडाळी हातात द्या. आत नखं रुतून जखम झालेली असते, वास येतो, आणि ‘हात लावू देत नाहीत’ याचं कारण बरेचदा तिथेच सापडतं.

तरीही तळमळ थांबत नसेल तर झोपेच्या गोळीआधी डोक्यापासून पायापर्यंत शोधा. तोंडात फोड किंवा पांढरा थर, किडलेला दात, कानात मळ, ओटीपोट फुगून टणक, म्हणजे लघवी तुंबलेली, पोटात खडा झालेला मल, डायपरखाली लाल झालेली कातडी, बोटांच्या बेचक्यांत खरूज, उकाडा, थंडी. लघवी तुंबली असेल तर कॅथेटर टाकताच दहा मिनिटांत माणूस शांत झोपतो. यातलं काहीच नसेल तरच हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिन या तळमळ शांत करणाऱ्या औषधांचा विचार, तोही छोट्यात छोट्या डोसवर, 0.5 आणि 12.5 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि काही आठवड्यांनी पुन्हा कमी करण्याच्या इराद्यानं. स्मृतिभ्रंशात या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी क्वेटियापिनसारख्या नव्या औषधांबद्दल 2005 साली आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांबद्दल 2008 साली दिला आहे. आजार लेवी बॉडी प्रकारचा किंवा पार्किन्सनबरोबरचा असेल तर हॅलोपेरिडॉल अजिबात नको, अंग लाकडासारखं होतं.

मलावरोधाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याकडे कोणाचंच लक्ष नसतं. तीन दिवस शौच झालं नाही तर चौथ्याची वाट बघू नका. डायपरला सतत पातळ लागतंय म्हणून जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी डॉक्टर किंवा नर्सकडून बोटानं तपासून घ्या. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपत असतं, असं फार वेळा होतं. रोज रात्री लॅक्ट्युलोज 15 मिलिलीटर, गरज पडली तर 30. तेवढ्यानं भागलं नाही तर सोडियम पिकोसल्फेटचं पातळ औषध. बिसाकोडिलची गोळी कुटून देऊ नका, तिच्यावरचा थर आतड्यात विरघळण्यासाठी असतो. बत्ती, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायचं औषध, ठेवायची तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. ग्लिसरीनची बत्ती मलाच्या खड्यात खुपसली तरी चालते, तो मऊ होतो. बिसाकोडिलची मात्र आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे, मलात रुतली तर काम करत नाही.

इसबगोल बंद करा. दिवसाला दोन-तीन पेले पाणी पोटात जात नसेल तर ते आतच घट्ट होऊन बसतं. एरंडेल, चमचाभर तूप, लिक्विड पॅराफिन असलेली रेचकाची बाटली, नाकात तुपाचे थेंब, हे सगळंही बंद. गिळणं बिघडलेल्या माणसाची ही तेलं खोकलासुद्धा न येता श्वासनलिकेत उतरतात, आणि फुप्फुसात तेलकट न्युमोनिया होतो, जो अँटिबायोटिकनं जात नाही.

आता घास. सगळ्यात जास्त वेळ आणि माया इथे लागते. आधी बसवणं. पलंगाची डोक्याची बाजू उचलण्याआधी गुडघ्यांखाली उशी द्या, नाहीतर अंग खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी खरवडली जाते. पाठ जमेल तितकी सरळ, मान किंचित पुढे, हनुवटी छातीकडे झुकलेली. मान मागे टाकून भरवलं की घशाची वाट थेट श्वासनलिकेकडे उघडते. तुम्ही त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. उभं राहून भरवलं की त्या वर बघतात आणि मान मागे जाते. चमचा छोटा आणि उथळ, त्यात अर्धा चहाचा चमचा, त्याहून जास्त नको. चमचा ओठाला टेकवा, तोंड उघडेपर्यंत थांबा, घास जिभेच्या मध्यावर ठेवून हलका दाब द्या. मग कंठमणी वर जाऊन खाली येतो का ते बघा. तो हलला म्हणजे गिळलं. दोन वेळा हलू द्या, मगच पुढचा घास. त्यांनी चमचा दातांत पकडला तर ओढू नका. थांबा, गालावरून हात फिरवा, सुटतो. सिलिकॉनचा मऊ चमचा असेल तर दातही वाचतात. पाच-सहा घासांनंतर गालात काही साठलंय का बघा. एका वेळी फार तर 40 मिनिटं, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

काय द्यायचं, यात पातळपणाचा विचार आधी. पाणी आणि चहा यांच्यानंच सगळ्यात जास्त ठसका लागतो, कारण ते घशातून फार वेगानं जातं. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकं घट्ट हवं: नाचणीचं सत्त्व, भाताची दाट पेज, मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी गाळणीतून काढलेली, दाट वरण, घोटलेला मऊ भात आणि दही, शिजवून घोटलेलं सफरचंद, दुधीची खीर घोटून. पाणीही पेजेसारखं थोडं दाट करून देता येतं, किंवा औषधांच्या दुकानात मिळणारी घट्ट करण्याची पावडर घालून. चहा आवडत असेल तर तोसुद्धा असाच द्या, चव कायम राहते. दोन प्रकार एका घासात नकोत: चहात बुडवलेली चपाती, दुधातले पोहे, पातळ आमटीतला भात. पातळ आधी घशात पळतं, घन मागे राहतं. साबुदाणा, मोदकाची उकड, केळ्याचे तुकडे चिकटतात. फोडणीतली मोहरी आणि कढीपत्ता गाळून काढा. एक मोहरी घशाला चिकटली तरी दहा मिनिटं खोकला चालतो.

गोड चव सगळ्यात शेवटी जाते. साखर, गूळ, आमरस, श्रीखंड, जे आवडायचं ते द्या. आता मधुमेहाचं पथ्य पाळून काही मिळवायचं नाही. उलट जेवण अर्ध्यावर आलं असेल आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन जुन्याच मापानं चालू असेल, तर साखर रात्री एकदम खाली जाते. घाम, सुस्ती, झटके, आणि सगळ्यांना वाटतं आजार वाढला. त्या गोळ्या आजच डॉक्टरांना फोन करून कमी करून घ्या. त्याच फोनवर बाकीच्या यादीचाही हिशोब मागा: कोलेस्टेरॉल, कॅल्शियम, व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद करता येतात. रक्तदाबाच्या गोळ्या सध्याच्या आकड्याप्रमाणे कमी होतात. स्मृतिभ्रंशासाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलनं भूक मरू शकते, नाडी मंदावू शकते. ते 10 वरून 5 वर आणून मग थांबवतात. झटक्यांचं औषध मात्र सोडायचं नाही.

तोंड घट्ट मिटलं, मान वळवली, घास थुंकला, की थांबायचं. त्यांच्याकडे ‘नको’ म्हणायला आता एवढीच भाषा उरली आहे. तासाभरानं पुन्हा विचारा. नाक दाबून किंवा सिरिंजनं तोंडात ढकलून भरवू नका. त्यातलं बरंचसं फुप्फुसात जातं.

नळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या टप्प्यावर घालू नये. शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीनं आयुष्य वाढतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, न्युमोनियाही टळत नाही. कारण सरळ आहे. न्युमोनिया फक्त घासामुळे होत नाही, स्वतःची लाळ आणि पोटातून वर येणारा आंबट द्रवही श्वासनलिकेत जातो, आणि नळी असली की तो जास्तच वर येतो. पोटातून घातलेल्या नळीनं बेडसोर वाढल्याचंही दिसलंय. शिवाय नाकातली नळी त्रासदायक असते म्हणून त्या ती ओढतात, मग हात बांधले जातात. बांधलेले हात आणि महिन्या-दीड महिन्यानं बदलायची नळी, एवढाच हिशोब हातात उरतो. अमेरिकेच्या जराचिकित्सकांच्या संघटनेनं 2014 मध्ये याच कारणानं नळीऐवजी हातानं भरवण्याचा सल्ला दिला. एखाद्या बऱ्या होणाऱ्या कारणासाठी, समजा नुकत्याच आलेल्या पक्षाघातानंतर, थोड्या दिवसांची नळी ही वेगळी गोष्ट आहे.

‘मग आम्ही त्यांना उपाशी मारतोय का?’ हा प्रश्न घरातलं कोणीतरी विचारेलच, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. शरीर मिटत आलं की भूक आधी जाते. त्या खात नाहीत म्हणून चालल्यात असं नाही, चालल्यात म्हणून खात नाहीत. त्या अवस्थेत भूक-तहानेचा त्रास फार थोडा असतो आणि जो असतो तो कोरड्या तोंडाचा. तोंड ओलं ठेवलं की तो जातो. सलाईनचंही असंच. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. डेक्स्ट्रोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे, शंभर उष्मांकही नाहीत. किडनी मंदावलेल्या शरीरात ते पाणी पायांत, पाठीत, फुप्फुसात साठतं आणि घरघर वाढवतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी सुकल्या आणि डॉक्टरांना वाटलं की दोन दिवसांत सावरतील, तर पाणी मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखालीही सोडता येतं, रात्रभरात अर्धा लिटर. शीर शोधत हात काळानिळा करायची गरज पडत नाही.

पुढचा न्युमोनिया येईल, हे धरून चाला आणि आत्ताच ठरवून ठेवा. अँटिबायोटिकनं काही जणांचे दिवस वाढतात. पण जितकी धावपळ जास्त, शिरेतून औषधं, भरती, तितका आराम कमी, असं दिसलेलं आहे. मधला रस्ता म्हणजे घरी तोंडावाटे औषध आणि जोडीला ताप-धापेची काळजी. केवळ लघवीच्या तपासणीत पस दिसला, ताप नाही, त्रास नाही, तर अँटिबायोटिक नको. या वयात अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू बरेचदा सापडतात. जो निर्णय होईल तो नेहमीच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: आजार कोणता, टप्पा कोणता, अतिदक्षता, व्हेंटिलेटर आणि छाती दाबणं नको, त्रास कमी करणारे उपचार सुरू. तो फाईलच्या पहिल्या पानावर ठेवा. रात्री दोनला घाबरून कोणीतरी रुग्णवाहिका बोलावतं तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्य केलेलं आणि 2023 मध्ये सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्र स्वतः समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसालाच करता येतं, त्यामुळे सासूबाईंसाठी ती वेळ गेली. तुम्ही आणि तुमचे यजमान आपापलं करून ठेवू शकता: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही.

कातडीबद्दल थोडक्यात. दर दोन तासांनी कूस बदला, पूर्ण 90 अंशांत नाही, पाठीमागे उशी देऊन 30 अंश कलतं. पूर्ण कुशीवर खुब्याचं हाड रुततं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. हवेची गादी असली तरी वळवायचंच. गादी नीट फुगली का ते बघायला तिच्याखाली, माकडहाडाच्या सरळ रेषेत, हात घाला. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. लाल झालेल्या जागेवर मालिश नको, टाल्कम नको, रबरी रिंग नको, जखमेत स्पिरिट नको. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून, कोमट झाल्यावर जखम धुवा. वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची वस्त्रगाळ पूड भुरभुरावी.

शेवटचे काही दिवस ओळखता येतात. गिळणं पूर्ण थांबतं, लघवी थोडी आणि गडद होते, पाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटते, श्वास लांबतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. आता फक्त चार गोष्टी चालू ठेवायच्या: दुखण्याचं औषध, तोंड, कूस, सोबत. धाप वाटत असेल तर डोक्याकडची बाजू उंच, खिडकी उघडी, टेबलफॅनचा वारा थेट चेहऱ्यावर, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं थोडं मॉर्फिन. ऑक्सिजननं या वेळी फारसा फरक पडत नाही, मास्कचा काच मात्र होतो.

‘घरघर लागली’ म्हणतात तो आवाज घशात साठलेल्या लाळेचा. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण रुग्णाला तो बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवा, चेहरा किंचित खाली, गालाखाली टॉवेल, लाळ बाहेर ओघळू द्या. सक्शनची नळी खोल घशात घालू नका. त्यानं उबळ येते आणि स्राव वाढतो. ग्लायकोपायरोलेट 0.2 मिलिग्रॅम कातडीखाली दिलं तर नवा स्राव कमी होतो. साठलेला मात्र त्यानं जात नाही, म्हणून लवकर द्यावं लागतं. हे औषध मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे गोंधळ वाढत नाही. डॉक्टरांना आधीच सांगून दोन-तीन इंजेक्शनं घरात ठेवा.

तोंड दर दोन तासांनी: बोटाला ओला गॉज गुंडाळून हिरड्या, गाल, जीभ पुसा, मग ओठांना तुपाचा हलका हात. पांढरा थर निघत नसेल तर क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध. कवळी काढून ठेवा. आणि गंगाजल. ते घालायचंच असतं, आणि घालावं. पण पळीनं ओतू नका. गिळणं थांबलेल्या माणसाच्या ते थेट श्वासनलिकेत जातं आणि शेवटचे श्वास ठसक्यात जातात. कापसाच्या बोळ्यानं दोन-तीन थेंब ओठांच्या कडेला, तुळशीचं पान ओठांवर टेकवून. पान तोंडात ठेवायचं ते श्वास थांबल्यावर. ऐकू येणं बरंच शेवटपर्यंत टिकतं असं मानायला जागा आहे, म्हणून खोलीत वाटण्यांच्या चर्चा नकोत. त्यांच्या ओळखीची आरती, भजन, नातवंडाचा आवाज असू द्या.

श्वास थांबला की धावपळीचं काही कारण नाही. डोळ्यांच्या पापण्या मिनिटभर धरून मिटवा, तोंड पुसा, कवळी बसवायची असेल तर लगेच, कारण दोन-चार तासांत जबडा ताठरतो. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्या. मग नेहमीच्या डॉक्टरांना फोन. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना 4-अ वर मिळतो, आणि तो शेवटच्या आजारात तपासत आलेल्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. त्यासाठीच आत्तापासून दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर घरी येऊन बघून जातील अशी व्यवस्था करून ठेवा. कोणीच बघत नसेल तर रात्री दाखल्यासाठी वणवण होते, आणि काही वेळा पोलीसही बोलवावे लागतात. नोंदणी 21 दिवसांच्या आत. आधार कार्डाची प्रत, डॉक्टरांचा नंबर आणि तो निर्णयाचा कागद एकाच पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवा, आणि रात्रपाळीच्या मावशींनाही दाखवून ठेवा.